रमाकांतच्या लॉगिनवरून

फोन वाजला तेव्हा पडद्यावर त्याचंच नाव होतं. सकाळचे आठ-सव्वाआठ झाले असतील. कांदिवलीला आमच्या इमारतीखाली मी दूधवाल्याशी कालच्या नासलेल्या पिशवीवरून हुज्जत घालत होतो. ‘रम्या दहिसर’ ही अक्षरं दिसली आणि मी नेहमीच्या सुरात म्हणालो, “बोला राऊळसाहेब, आज शुक्रवारी कशी काय आठवण?” आमचा फोन रविवारचा असायचा.  पलीकडून त्याची बायको, वैजू वहिनी, बोलल्या, “भावोजी, मी बोलतेय... हे गेले.” कोण गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं. त्याच्याच फोनवरून त्याच्या मरणाची बातमी येऊ शकते, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. आंघोळ करून तो बाहेर आला, छातीत जळजळतंय म्हणाला, खुर्चीत बसला आणि खाली रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. तो बावन्न वर्षांचा होता.

दहाव्या दिवसानंतर त्याच्या विद्यार्थ्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये छोटी शोकसभा घेतली. सगळ्यात जुना मित्र म्हणून मला बोलायला उभं केलं. मी बरं बोललो म्हणतात. दोन-तीन जणांनी डोळे पुसले. एका गृहस्थांनी माझा हात धरून म्हटलं, “असा मित्र मिळायला नशीब लागतं.” त्यांना म्हणायचं होतं की मला रमाकांतसारखा मित्र मिळाला. मला मात्र वाटलं की ते मला रमाकांतचं नशीब म्हणताहेत, आणि मी चपला शोधायच्या निमित्ताने तिथून निघालो. त्या भाषणात मी एक गोष्ट लपवली. अकरा वर्षं लपवत आलो होतो, तशीच त्या दिवशीही. ती सांगण्यासाठी हे लिहितो आहे. रमाकांत कसा होता हेही सांगायचं आहे, पण ती गोष्ट वगळून तो कसा होता ते सांगताच येत नाही.

आमची ओळख पार्ल्याच्या कॉलेजात झाली. दोघांचेही वडील गिरणीत होते, दोघांचंही गाव सावंतवाडीच्या बाजूला, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याने मला ‘दिन्या’ केलं आणि मी त्याला ‘रम्या’. पुढे अंधेरीला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघेही लागलो. चौदा माणसं, एक पंखा कायम बिघडलेला आणि खाली छापखाना, त्यामुळे दिवसभर जमीन थरथरायची. मी काम उरकणारा माणूस, आणि तो... एखादा अर्धवट राहिलेला तुकडा तसाच पुढे ढकलायचा म्हटलं की रमाकांतच्या अंगावर काटा यायचा. साहेब त्याला चेष्टेने ‘आमचे ऑडिटर’ म्हणायचे. तो मनापासून हसायचा आणि ते काम पुन्हा पहिल्यापासून तपासायला घ्यायचा.

मुंबईच्या उपनगरांत शाखा असलेल्या एका रुग्णालयाचं काम आमच्याकडे आलं. त्यातली अडचण समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो. आमच्या प्रोग्रामच्या लेखी ‘रुग्ण’ ही एकच वस्तू होती. नाव, वय, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, सगळं एकाच ठिकाणी, जसं ते जिवंत माणसात असतं. पण रुग्णालयाची साठवलेली माहिती दोन वेगवेगळ्या टेबलांत होती. टेबल म्हणजे आडव्या ओळींचा तक्ता. एका टेबलात काउंटरवर लिहून घेतलेलं नाव, पत्ता आणि वय, तर दुसऱ्यात वॉर्डातल्या सिस्टरांनी विचारून भरलेली वैद्यकीय माहिती. दोन्ही टेबलं जुनी होती आणि ती एकत्र करायला रुग्णालयाची परवानगी नव्हती. म्हणजे एका रुग्णाचे दोन भाग दोन ठिकाणी ठेवलेले, आणि कोणी त्याचं नाव उघडलं की प्रोग्रामने दोन्हीकडून ते आणून जोडायचे आणि पडद्यावर अखंड माणूस दाखवायचा. हे जोडकाम रमाकांतचं होतं.

मी विचारलं, पहिल्या टेबलात माणूस आहे आणि दुसऱ्यात त्याची ओळच नाही, असं झालं तर? घाईत आणलेला रुग्ण असेल, सिस्टरला वेळ मिळाला नसेल. आम्ही जेवत होतो. त्याने स्वतःचा तीन पुडांचा डबा माझ्यापुढे सरकवला. “वरचो डबो उघड. काय हा?”

“भात.”

“मग राऊळाने आमटी आणलीच नाही, असं म्हणशील?”

“खालचा डबा बघेन ना.”

“बघ. खालचो डबो रिकामो असलो तर म्हण, आमटी नाही. पण खालचो डबोच इलो नसलो तर? वैजूने गडबडीत ओट्यावर ठेवलो असलो तर? मेल्या, तेव्हा ‘आमटी नाही’ म्हणायचं नाही. तेव्हा घरी फोन करायचा.”

सगळे हसले. पण त्याने प्रोग्राममध्ये तसंच केलं. दुसऱ्या टेबलात ओळ सापडली नाही की रुग्णाचं पान उघडायचंच नाही. वर लाल पट्टी यायची, ‘वैद्यकीय माहिती भरलेली नाही. आधी विचारा.’ आणि ती भरल्याशिवाय औषधाचा पडदा पुढे सरकायचा नाही.

वॉर्डातून तक्रारी सुरू झाल्या. पान उघडत नाही, कामं अडतात, पूर्वीची वही बरी होती. मी नुकताच त्या टीमचा प्रमुख झालो होतो. रुग्णालयाचे व्यवस्थापक रोज साहेबांना फोन करत आणि साहेब मला. त्याच सुमारास रमाकांतच्या आईचं दुखणं वाढलं आणि तो वहिनींसह आठवडाभरासाठी म्हणून गावी गेला. जाताना माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “काही लागलं तर माझ्या मशीनवर बस. सगळं मांडलेलं आहे. पासवर्ड तुला माहीत आहेच.” आमच्याकडे तसंच चालायचं. एकमेकांच्या खुर्चीत बसायचं, एकमेकांच्या लॉगिनवरून काम करायचं. त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले. “दिनेश, ती लाल पट्टी आज गेली पाहिजे. उद्या त्यांची मीटिंग आहे.” मी रमाकांतच्या खुर्चीत बसलो आणि त्याच्या जोडकामात एक शब्द बदलला. दुसऱ्या टेबलातली ओळ आता सक्तीची राहिली नाही. असली तर घ्या, नसली तर त्या जागा रिकाम्या समजून पुढे चला. पान लगेच उघडलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या पानावर ॲलर्जीसाठी खुणेचा चौकोन होता, आणि रिकामा चौकोन पडद्यावर उमटायचा तो असा... ‘औषधाची ॲलर्जी : नाही’. हे मी पाहिलं होतं. लक्षात आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, रम्या आला की त्याला सांगू, तो नीट करेल. तो आला तो आईचं सगळं आटोपून, डोकं भादरून. त्याला कामाचं सांगायला मला लाज वाटली. मग एक आठवडा गेला, आणि मग मी विसरलो.

तीन महिन्यांनी मुलुंडच्या शाखेत एका निवृत्त शिक्षिकेला ताप आणि न्यूमोनिया म्हणून आणलं. त्यांच्या मुलीने काउंटरवर सांगितलं होतं की आईला एक विशिष्ट औषध चालत नाही. काउंटरवरच्या माणसाकडे ते लिहायला जागा नव्हती. “ते वॉर्डात सांगा,” तो म्हणाला. वॉर्डात धावपळ होती. सिस्टरने पडद्यावर पाहिलं. पडद्यावर ‘नाही’ होतं. तेच इंजेक्शन दिलं गेलं. बाई वाचल्या, पण मधल्या काही मिनिटांत मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्या घरी गेल्या तेव्हा मुलीला ओळखत नव्हत्या.

चौकशीच्या बैठकीला रुग्णालयाचे दोन डॉक्टर, साहेब, आम्ही दोघे आणि ती मुलगी होती. मुलगी म्हणजे चाळिशीच्या बाई, हातात आईची जुनी फाइल. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मी सांगितलं होतं. मी काउंटरवर सांगितलं होतं.” बदलांची यादी भिंतीवर दाखवली. त्या बदलापुढे नाव होतं रमाकांत राऊळ. बाजूला तारीख होती. त्या तारखेला तो सावंतवाडीपासून वीस किलोमीटरवर आईच्या उशाशी बसलेला होता.

साहेबांनी विचारलं, “राऊळ, हे तू केलंस?”

त्याने तारीख वाचली. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. शाळेत उत्तर येत असलेल्या मुलाकडे मास्तर बघतात ना, तसं... आता हा हात वर करेल, अशा खात्रीने. माझ्यापुढे पाण्याचा ग्लास होता. मी त्या ग्लासाकडे बघत राहिलो. बैठक झाल्यावर साहेबांना एकट्याला गाठून सांगू, असं मी स्वतःला बजावत होतो.  मग रमाकांत म्हणाला, “माझ्या लॉगिनवरून झालंय. जबाबदारी माझी.” यात एक शब्दही खोटा नव्हता. मी केलं, असं तो म्हणालाच नाही. साहेब त्या दिवशी माझ्यामागे उभे होते, त्यांनाही सगळं ठाऊक होतं. त्यांनी पुढचं पान उलटलं.

त्याने आठ दिवसांत नोकरी सोडली. आमचं क्षेत्र छोटं, बातमी त्याच्या आधी सगळीकडे पोचायची. दोन ठिकाणी मुलाखत चांगली झाली आणि मग फोन आलाच नाही. शेवटी त्याने दहिसरला घराच्या बाहेरच्या खोलीत कॉलेजातल्या मुलामुलींच्या शिकवण्या सुरू केल्या. मी कंपनीत राहिलो. बढती मिळाली, पुढे दुसरीकडे गेलो, माणसं हाताखाली आली. आणि दर रविवारी साडेदहाला मी त्याला फोन करत राहिलो. यालाही मी मैत्री म्हणत होतो. आम्ही क्रिकेटवर बोलायचो, त्याच्या गुडघ्यावर, माझ्या रक्तदाबावर, गावच्या घराच्या गळक्या कोपऱ्यावर. ती एक गोष्ट सोडून सगळ्यावर.

एकदा त्या गोष्टीवर बोलायला त्याने स्वतःच दार उघडून दिलं होतं. मी दहिसरला गेलो होतो आणि संध्याकाळी आम्ही नदीच्या पुलावर उभे होतो. खाली पाणी कमी, प्लास्टिक जास्त. तो अचानक म्हणाला, “दिन्या, आई गेली तो आठवडा आठवता तुका? मी गावाक होतंय तो?”

“आठवतो ना,” मी म्हणालो.

“हां.” मग तो थांबला.  एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. “चल,” मी म्हणालो, “वहिनी भजी करणार होत्या ना?” तो हसला आणि आम्ही घरी गेलो. भजी चांगली झाली होती. मी दोनदा मागून घेतली. आता त्या संध्याकाळचा विचार करतो तेव्हा मला सगळ्यात जास्त किळस येते ती या मागून घेण्याची.

मागच्या महिन्यात, एका दुपारी, मी वहिनींकडे गेलो. ठरवून गेलो होतो. चहा पुढे आल्यावर, तो घ्यायच्या आधी, मी म्हणालो, “वहिनी, रुग्णालयाच्या प्रोग्राममधला तो बदल रम्याने केला नव्हता. मी केला होता. त्याच्या मशीनवरून.”

त्या पदराला हात पुसत होत्या, पुसत राहिल्या. “माहीत आहे मला.”

“रम्याने सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? त्या आठवड्यात ते माझ्यासमोर होते ना, भावोजी. सासूबाईंना चमच्याने पाणी पाजत होते. फोन लावायला बांधावर जाऊन उभं राहायला लागायचं. तिथून हे कॉम्प्युटर चालवणार?”

“मग तो बोलला का नाही?”

“मी काय कमी भांडले? म्हटलं, जाऊन सांगा सगळ्यांना. तर म्हणायचे, दिन्या सांगेल. त्याला वेळ लागतो.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “रविवारी तुमचा फोन आला की हे उठून गॅलरीत जायचे. मी इकडे कांदा चिरायचे, पण कान तिकडे. आत आले की मी नुसती बघायचे. हे मान हलवायचे... नाही म्हणून. दोन वर्षं असं चाललं. मग मी बघायचं सोडलं.”

“आणि त्याने?”

“त्यांनी नाही सोडलं,” वहिनी म्हणाल्या.

मी काहीतरी बडबडलो असेन. आता सगळ्यांना सांगतो, लेखी देतो, असं काहीतरी. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “कुणाला सांगणार? तुमचे ते साहेब मुलाकडे कॅनडात बसलेत. कंपनी विकली. रुग्णालयाचं नावसुद्धा बदललं. कोण बसलंय तुमचं ऐकायला?” मग हळू, “सांगायचं तर त्या मुलुंडच्या मुलीला सांगा. हे गेले होते तिच्याकडे. माफी मागायला. तुम्हाला नसेल माहीत. तिने दारातूनच हाकललं. म्हणाली, माझी आई मला काकू म्हणते, तुमच्यामुळे. जिना उतरताना यांची चप्पल तुटली, तर तसेच अनवाणी स्टेशनपर्यंत आले. घरी येऊन मला म्हणतात काय, बरं झालं मी गेलो, दिन्याला हे ऐकवलं नसतं.”

चहावर साय धरली होती. मी तो घेतला नाही, आणि त्यांनी घ्या म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला गेलो. जुन्या फाइलमधला पत्ता मला पाठ आहे, कधी विसरलोच नव्हतो. तिथे ती तीन मजली इमारत नाही. पत्र्यांचं कुंपण आहे आणि आत खोल खड्डा. समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. बाई वारल्या, चारेक वर्षं झाली, म्हणाला. मुलगी? “गेली ना साहेब, ठाण्याला का डोंबिवलीला. अपने को नहीं बताया.” मी तीनदा गेलो त्या गल्लीत. तिसऱ्या वेळी इस्त्रीवाल्याने लांबूनच मान हलवली.

म्हणून इथे लिहितो आहे. ताई, तुम्ही कुठे असाल मला माहीत नाही. तुम्ही पेपरातली ही पुरवणी वाचता की नाही, तेही माहीत नाही. तुमच्या दारात येऊन ज्याने माफी मागितली, त्या रमाकांत सखाराम राऊळने काहीही केलं नव्हतं. त्याने लावलेली लाल पट्टी राहिली असती तर सिस्टरने तुम्हाला विचारलं असतं, आणि तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलं असतं. ती पट्टी मी काढली. माझं नाव दिनेश परब. हे वाचून तुमचं काही परत येणार नाही. त्याचंही नाही. मला यातून हलकं वाटेल अशी आशा होती, तसंही झालेलं नाही. लिहून झाल्यावर मी वहिनींना फोनवर सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “त्यांचं नाव पूर्ण घातलंत ना? मग द्या छापायला.” आणि फोन ठेवला.

त्या दुपारी वहिनींकडून निघताना मी बाहेरच्या खोलीत थबकलो होतो. पांढरा फळा, त्याच्यापुढे चटया गुंडाळून ठेवलेल्या. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळचा त्याचा शेवटचा पाठ तसाच होता. डावीकडे एक मोठा चौकोन, त्यात ‘विद्यार्थी’. उजवीकडे एकाखाली एक दोन छोटी टेबलं, आणि मोठ्या चौकोनातून दोन्हींकडे गेलेल्या रेघा. खाली त्याच्या त्या तिरक्या अक्षरात एक ओळ, ‘दुसरीकडे ओळ नसेल तर थांबा.’ वहिनी आतून ओला फडका घेऊन आल्या. “पुढच्या आठवड्यात भाचा राहायला येतोय, खोली मोकळी करायचीय. तुम्ही पुसून द्याल का? मी दोनदा हात लावला, माझ्याच्याने होत नाही.” मी फडका घेतला आणि वरच्या कोपऱ्यापासून घासायला लागलो. दीड महिन्यात शाई वाळून फळ्याला घट्ट धरली होती. चौकोनाची कड नुसती पुसट झाली, गेली नाही. “स्पिरिटने निघेल म्हणतात,” वहिनी मागून म्हणाल्या. मी हो म्हणालो. फडका गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकला, जिथे उभा राहून तो रविवारी माझा फोन घ्यायचा तिथे, आणि दार ओढून घेतलं.